सतरा नंबरचा ठप्पा

तोफगोळ्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलापाशी एक बाई बावीस वर्षं उभ्या आहेत. टेबलाला खुर्ची आहे, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसते. मशीनवरून रिकामं कवच आलं की त्या त्याच्यावरून एक लोखंडी कडं सरकवतात. कडं अडकलं तर कवच जाड, खुळखुळलं तर बारीक, दोन्ही नापास. मग कवचाच्या कमरेला जो तांब्याचा पट्टा असतो, त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवतात. केसाएवढी चीर असली तरी नखाला लागते. असा गोळा तोफेतून सुटला की हवेत हेलपाटतो आणि भलतीकडेच जाऊन पडतो. सगळं ठीक असलं की हातोडीचा एक ठोका, आणि कवचावर आकडा उमटतो: सतरा. प्रत्येक तपासनिसाचा आकडा वेगळा, तो ठप्पा कुणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. ठप्प्याशिवाय गेटबाहेर काही जात नाही. म्हणून त्या ठप्पेवाल्या ताई. त्यांच्या नवऱ्याच्या कपाळावरही सतरा आहे, असं फिटर लोक म्हणायचे. नवरा कारखान्याच्याच बसवर ड्रायव्हर होता. तो म्हणायचा, पास झालो हेच नशीब.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. आपला मित्रदेश दोन वर्षं शेजाऱ्याशी लढतोय आणि त्याला गोळे आपण पुरवतोय, ते बंद करा, अशी पत्रकं मी गेटवर वाटत होतो. ताईंनी पत्रक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, लिहिता बरं, पण डोकं वापरत नाही. देणं बंद केलं तर ते आपलं ऐकतील कशाला? देतोय म्हणून तर ऐकतात. नाक दाबलं की तोंड उघडतं, पण नाक हातात तर पाहिजे.

मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, पण वादात सहसा कुणाला हार जात नाही. त्या दिवशी गेलो, कारण त्यांच्या पिशवीतून त्यांनी एक फोटो काढून दाखवला. धाकटी बहीण. मित्रदेश ज्याच्याशी लढतोय त्या शेजारदेशातल्या एका नदीकाठच्या गावात दिलेली. त्या गावाला मित्रदेशाच्या फौजेनं चार महिने वेढा घातला होता. गावातला पूल पाडायचा म्हणून तोफा चालू होत्या, आणि बहिणीचं घर पुलापासून हाकेच्या अंतरावर. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून ही निघेना. एक दिवस, फक्त एक दिवस तोफा थांबल्या तर बस लावून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढता येणार होतं. गावकऱ्यांनी मागून झालं, मित्रदेशानं नाही म्हटलं. आता ते आपल्या सरकारनं मागावं, एवढंच ताईंचं म्हणणं. मंत्री टीव्हीवर दर आठ दिवसांनी सांगायचे की मदतीमुळे आपल्या शब्दाला तिथं वजन आहे. ताईंना तो शब्द पाहिजे होता.

अर्ज मी लिहून दिला. उत्तर आलं की आपल्या भावना योग्य त्या ठिकाणी पोचवण्यात आल्या आहेत. दुसरा अर्ज दिला, तेच उत्तर आलं, फक्त तारीख बदलून. मग मी एका ओळखीनं पुरवठा खात्यातल्या उपसचिवांची वेळ काढली. ताई इस्त्रीची साडी नेसून आल्या.

उपसचिव वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर फाइली होत्या आणि डोळ्यांखाली काळं होतं. त्यानं ताईंना आधी बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं की बाई, आम्ही मागितलं. तीनदा मागितलं. ते म्हणतात, आधी राहिलेला माल पाठवा, मग बघू. माल पाठवला, तर म्हणाले, पुढचा कधी? मी म्हटलं, मग थांबवा की माल. तो म्हणाला, थांबवला तर ते दुसऱ्याकडून घेतील, दुसरे टपलेलेच आहेत. आणि मग बोलणी होतात त्या टेबलावर आपल्याला खुर्चीसुद्धा राहणार नाही.

ताईंनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, "मग साहेब, त्या खुर्चीवर बसून तुम्ही करता काय?"

उपसचिवानं चष्मा काढून पुसला. "बसतो, बाई," तो म्हणाला.

जिन्यावरून उतरताना मी सरकारला शिव्या घालत होतो, ताई पायऱ्या बघून उतरत होत्या. खाली आल्यावर म्हणाल्या, हे घाबरतात. मोठ्या खुर्चीला भीती मोठी. मी काही भीत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीला त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, कडं सरकवलं, नख फिरवलं, आणि ठप्पा मारला नाही. ठप्पा पदराला बांधला होता. कवचं टेबलावर, मग जमिनीवर, मग दारापर्यंत साठत गेली. फोरमन आला. ताईंनी त्याला शांतपणे सांगितलं की नदीकाठच्या गावात एक दिवस तोफा थांबू द्या, बस निघू द्या, मग मी सगळ्यांवर ठप्पा मारते. एका दिवसाला एक दिवस. फोरमनला वाटलं ताईंना ताप आहे.

बाकीचे तीन तपासनीस होते, पण दुसऱ्याच्या लायनीवर ठप्पा मारायचा नाही हा कारखान्याचा नियम, आणि नियम ताईंच्या बाजूनं होता. मी गेटवर उड्या मारत होतो. मला वाटलं, आता दाबलं नाक! पण आतली माणसं माझ्यासारखी खूश नव्हती. लढाईच्या आधी त्या कारखान्यात एकच पाळी उरली होती आणि निम्म्या मशिनींवर ताडपत्री होती. मित्रदेशाची मागणी आली आणि तीन पाळ्या सुरू झाल्या, घरी बसलेले परत आले. ताईंचा स्वतःचा जावई त्यातच कायम झाला होता. तो दुपारी टेबलापाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, मावशीसाठी मलाही वाईट वाटतं. पण हे गिऱ्हाईक गेलं तर परत ताडपत्री." ताईंनी त्याला सांगितलं, जेवून घे, डबा थंड होतोय. ठप्पा सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन आला. मित्रदेशाचा हा माणूस कारखान्यातच बसवलेला होता, माल वेळेवर निघतो की नाही ते बघायला. तरुण, अदबशीर, आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा, सगळ्यांशी चहा प्यायचा. त्याच्या हातात एक छापील कागद होता: तपासणीविना माल ताब्यात घेण्यास ग्राहकाची हरकत नाही. असा कागद असतो हे बावीस वर्षांत ताईंना माहीत नव्हतं, फोरमनलासुद्धा नव्हतं. कॅप्टननं ताईंच्याच टेबलावर कागद टेकवून सही केली.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "तिकडे ठप्पा बघायला वेळ कुणाला आहे?"

ट्रकवर माल चढला. तीन दिवसांचा सगळा, ठप्प्याशिवाय, नापास व्हायची कवचंही त्यातच, दारू भरायच्या कारखान्याकडे गेला. ताईंना कुणी नोकरीवरून काढलं नाही, साधी नोटीससुद्धा दिली नाही. हेच त्यांना जास्त लागलं असावं. मी पेटलो होतो, म्हटलं पत्रक काढू, तुमचं नाव छापू. त्या म्हणाल्या, थांबा जरा. त्या वेगळ्याच विचारात होत्या, तो मला तेव्हा दिसला नाही. मी माझ्या घोषणा जुळवत होतो.

बहिणीचा फोन रविवारी यायचा, पोस्टाच्या तळघरातून. तीन रविवारांनंतरचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. ताईंनी फोन कानाला धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. बहीण काय म्हणाली ते त्यांनी मला नंतर सांगितलं. आतापर्यंत गोळे पुलावर यायचे, आवाजावरून कळायचं, पुलाकडच्या खोलीतून सासूला मागच्या खोलीत सरकवलं की झालं. या आठवड्यात काही कळत नाही. एक पुलावर पडतो, एक शाळेच्या मैदानात, एक मागच्या गल्लीत. तुला यातलं कळतं ना, असं का होतं गं, असं तिनं विचारलं होतं.

ताईंनी तिला काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. आपले गोळे त्याच तोफेत गेले असतील असं कशावरून, एवढंच मी म्हटलं. ताई म्हणाल्या, गेले नसतील. आणि गेले असतील. तुम्ही सांगता का नक्की?

सोमवारी मी गेटवर होतो. नवीन अर्ज होता, गोळे पाठवणं ताबडतोब थांबवा म्हणून, सह्या घेत होतो. ताई आल्या. पहिल्यांदाच वाद न घालता त्यांनी पेन मागितलं आणि सही केली, पूर्ण नावाची, स्वच्छ अक्षरात. मला वाटलं आता घरी जातील. त्या गेटकडे वळल्या.

मी आडवा आलो. माझा स्वभाव तापट आहे, लपवून काय करू. म्हटलं, ताई, ही सही करता आणि तोच हात आत जाऊन ठप्पा मारणार? हे म्हणजे त्या उपसचिवासारखंच झालं. त्यालाही असंच वाटत असेल, आपण हात काढला तर आणखी वाईट होईल, म्हणून तो बसून आहे. सगळे असेच बसून आहेत, म्हणून गोळे जातात.

ताईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण जाणार तर आहेतच ना? मी बघितलेला पुलावर तरी पडेल."

भोंगा झाला. त्या आत गेल्या. मी अर्ज घेऊन पुढच्या माणसाकडे वळलो. आता त्या सुट्टी घेत नाहीत. दुसऱ्या लायनींचे तपासनीस सांगतात, ताई एकेका पट्ट्यावरून दोनदा नख फिरवतात, चार कवचं जास्त नापास करतात, आणि माल उशिरा निघाला की कॅप्टन येऊन घड्याळ बघत उभा राहतो.