मोकाशी सरांच्या सभेचा बुधवार

पोथीचा अध्याय पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा शालिनी वझेंचा रोजचा नेम. आजही दुपारी त्या देवघरापुढे पाटावर बसल्या आहेत. समोर समई, बाजूला झाकून ठेवलेला पाण्याचा पेला. डोळे ओळींवरून फिरताहेत, मन मात्र सकाळच्या फोनपाशीच अडकलंय.

तेलविहिरींच्या अभियंत्यांच्या संस्थेच्या त्या चिटणीस. वर्षभराच्या तांत्रिक सभा त्यांनीच आखायच्या. यंदाची पहिली सभा, समुद्रातल्या रिगवर तेलविहिरी खणण्यात हयात गेलेल्या मोकाशी सरांच्या स्मरणार्थ. सरांना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. अध्यक्ष कर्णिक सकाळी म्हणाले, "वझेबाई, बुधवारी हॉल मिळतोय, पाहुणेही मोकळे आहेत. टाकू उरकून!" बुधवार कसा चालेल, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भीड आड आली आणि त्या "बरं" म्हणून मोकळ्या झाल्या.

समईची ज्योत लांबट होत जाते. पोथीतली अक्षरं राखाडी पडतात, चिखलासारखी पातळ होतात.

"वझेबाई, तिकडे विहीर चिखल गिळतेय आणि तुम्ही इथे डुलक्या काढताय?"

दारात मोकाशी सर उभे आहेत. अंगात तीच रिगवरची नारिंगी डांगरी. विहीर खणताना आत सोडतात तो चिखल चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळून पाहताहेत, आयुष्यभर पाहिला तसा.

"सर, बूट बाहेर..." बाई बोलून जातात आणि जीभ चावतात. "अगबाई! नेम मोडला माझा."

"झोपेतलं बोलणं देव धरत नाही. चला, सभेची तयारी दाखवा."

दाराबाहेर अंगण नाही, समुद्र आहे. पायाखाली रिगचा डेक, आणि डेकवर हॉलातल्याच लाल खुर्च्या मांडलेल्या. पुढे कर्णिक, पाहुणे, हार. मागच्या रांगांत सरांच्या हाताखाली तयार झालेली रिगवरची माणसं, केस नीट विंचरून, इस्त्रीचे शर्ट घालून बसलेली.

"विषय काय?"

"तुमचाच, सर. खोल गेल्यावर चिखल कुठे गळतो ते."

"वा! मग मागच्या रांगेतला तो पिल्लै भांडणार. माझं एक भाषण त्यानं प्रश्न विचारून विचारून जेवणाच्या वेळेपर्यंत ताणलं होतं." सर मनापासून हसतात.

तेवढ्यात हेलिकॉप्टर घरघरत उतरतं. मागच्या रांगा उठतात. पिल्लैही उठतो, लाइफ जॅकेट चढवतो. चढणारे चढतात; उतरणारे बॅगा घेऊन खुर्च्यांमधून थेट घराच्या वाटेला लागतात. बसत कुणीच नाही.

"क्रू चेंज," सर हळूच म्हणतात. "रिगवरची पाळी बदलायचा दिवस. बुधवार ना?"

बाईंची मान खाली जाते. "मला ठाऊक होतं, सर."

"इतर कुठल्याही दिवशी निम्मी माणसं तरी जमिनीवर असतात. बुधवारी दोन्ही पाळ्या वाटेवर. म्हणून तर मी प्रत्येक सभा दोनदा घ्यायचो, दोन्ही पाळ्यांसाठी. कर्णिक चिडवायचा, मोकाशी एकच कीर्तन दोन गावांत लावतो!"

"रागावलात?"

"आता कसला राग! फक्त माझ्याच सभेला माझी माणसं नसली, तर जरा एकटं वाटेल हो."

रिकाम्या खुर्च्या वाऱ्यानं करकरतात. बाईंना हुंदका येतो. "कर्णिक साहेबांपुढे मला तोंड उघडवत नाही, सर."

"मौन देवापुढे ठेवावं, बाई. कर्णिक काही देव नव्हे."

डेकवर आता समई तेवते आहे. सर वाकून पाटाशेजारचा पेला उचलतात. "घसा सुकला. खारा वारा फार."

बाई दचकून जाग्या होतात. ज्योत तशीच आहे. कर्णिकांचा नंबर लावायला हात शिवशिवतो, पण आधी अध्याय. उरलेल्या ओळी त्या सावकाश वाचतात, पोथीला नमस्कार करतात, मग फोन उचलतात.

"कर्णिक साहेब, बुधवार नको. आणि सभा एक नाही, दोन घ्यायच्या. प्रत्येक पाळीसाठी एक."

"अहो, पण हॉल? पाहुणे?"

"हॉल मी बघते. पाहुण्यांशीही मीच बोलते."

मग कर्णिक हसतात, पण आवाज जड झालेला. "मोकाशीचं कीर्तन, दोन गावांत. घ्या, बाई, घ्या."

एवढं बोलायची सवय नसलेला बाईंचा घसा कोरडा पडलाय. त्या पेल्याकडे हात नेतात. झाकणी बाजूला पडली आहे, पाणी निम्मं संपलंय. आणि पेल्याच्या काठाखाली अंगठ्याएवढा राखाडी चिखल, अजून ओला.