उत्तरेश्वरच्या नावावर बावीस नोंदी

घाटनांदूरच्या बाजूला एका दूध संघाच्या कचेरीत उत्तरेश्वर सात वर्षं करारावर होता, आणि यंदा त्याला कायम व्हायचं होतं. अडचण काहीच नव्हती. सगळ्या कचेरीचं काम तोच करत होता.

भागवतचा संगणक अडला, बोलवा उत्तरेश्वरला. वर्षाराणीला तक्ता जमेना, बोलवा उत्तरेश्वरला. दोघंही करारावरचेच. "भाऊ, जरा बघा की," एवढं ऐकलं की हा आपली खुर्ची सोडून त्यांच्या खुर्चीत. माणूस भला खरा, पण आपल्यावाचून अडतं याचं त्याला भारी सुख. साहेब बबनराव बैठकीत म्हणायचे, "आपली कचेरी म्हंजे एक कुटुंब हाय." एकच सून राबते, तसलं कुटुंब.

मार्चात, कायम कुणाला करायचं ते ठरवायला, कुणी किती काम केलं त्याची यादी आली. ज्याच्या नावानं संगणक उघडला, काम त्याच्या खात्यात. भागवत, चार हजार नोंदी. वर्षाराणी, साडेतीन हजार. उत्तरेश्वर, बावीस.

यादीपुढं बबनरावांचं काय चालणार? आस्थापनेचं टेबल भागवतकडं, म्हणून त्यालाच कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितलं. तो कागद घेऊन थेट उत्तरेश्वरकडं आला.

"तुमचीच हाय भाऊ, पर मला भाषा जमंना."

उत्तरेश्वरला वाचून गलबलून आलं. पण 'कामचुकारपणा' तीनदा आलेला बघून त्याला राहवेना. त्यानं दोन वाक्यं खोडली, एक नियम घातला आणि नोटीस अशी खणखणीत केली, की साहेबांनी भागवतची पाठ थोपटली.

मग त्यानं खुलासा लिहिला : सगळ्यांची कामं मीच केली. पुराव्याला दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"तुमच्यासारका माणूस न्हाई, भाऊ," वर्षाराणी डोळे पुसत म्हणाली. सही तिनं केली नाही. भागवतनंही नाही. कायम त्यांनाही व्हायचं होतं.

खुलासा अभिप्रायासाठी भागवतच्याच टेबलावर गेला. दुपारी तो मान खाली घालून उत्तरेश्वरसमोर उभा.

"आता ह्याच्यावर काय ल्ह्यावं, भाऊ?"

फाईल त्याच्या तोंडावर फेकावी, असं उत्तरेश्वरला वाटलं. 'खुलासा मान्य करावा' एवढं लिहिलं असतं, तरी साहेबांनी डोळे झाकून सही केली असती. पण सात वर्षांत नियमाबाहेरचा एकही मसुदा त्याच्या हातून गेला नव्हता. तो भागवतच्या खुर्चीत बसला, नाक पुसलं आणि टाइप केलं : 'खुलाशासोबत पुरावा नाही. सबब, खुलासा अमान्य करावा.'