पिस्तूल परत ठेवताना

"सुनंदा, आहेस तिथेच थांब," अँथनीभाऊ म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. म्हणूनच मला भीती वाटली.

ते माझ्यापुढे थोड्या अंतरावर पाठमोरे उभे होते. समोर मातीचा उंच बांध, त्यावर बर्फ. त्यांचा उजवा हात कमरेशी होता. कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या कडक प्लॅस्टिकच्या म्यानात, पिस्तूल अर्धंअधिक आत गेलं होतं आणि तिथेच अडलं होतं. ते भरलेलं होतं. नळीचं तोंड खाली, त्यांच्याच मांडीला लागून, पावलाकडे.

"काय झालं?"

"हातमोज्याचं बोट ट्रिगरवर राहिलंय. माझं बोट बाहेर आलं. मोज्याचं नाही आलं."

अँथनीभाऊ मागच्या नोव्हेंबरात गेले. फुप्फुसाचा आजार होता. प्रार्थना झाल्यावर चर्चच्या बेसमेंटमध्ये त्यांच्या पत्नी सेलीनवहिनी मला म्हणाल्या, तू त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काम केलंस, दोन शब्द बोल. मी उभी राहिले आणि बसले. मला बोलता येत नाही. कामातली एखादी गोष्ट नीट सांगायची तर मला ती लिहावी लागते, आणि तीही सावकाश. म्हणून ही लिहिते आहे.

आमची लॅब कॅनडात, ग्वेल्फ गावाच्या बाहेर होती. मुख्य काम शेतीच्या यंत्रांचं. नांगराचे फाळ किती दिवसांत तुटतात, ट्रॅक्टरची सीट किती हादरे सोसते, थंडीत हायड्रॉलिकचे पाइप तडकतात का, असलं. मी नागपूरच्या उन्हातून आलेली मेकॅनिकल इंजिनिअर, आणि माझी निम्मी नोकरी एका कोल्ड चेंबरच्या दाराशी गेली. लॅबच्या मागे गोळीबाराची एक जुनी रेंज होती. तिथे अधूनमधून हेल्मेटं, बुलेटप्रूफ जॅकेटं आणि क्वचित हत्यारं तपासायला येत. नेमबाजी अँथनीभाऊ करत. ते वसईचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मुंबईत टूलमेकर होते, इथे येऊन काही वर्षं लष्कराच्या रिझर्व्हमध्ये काढली आणि रेंज ऑफिसरचं लायसन्स घेतलं. मला ते मूड चांगला असला की 'बाय' म्हणत आणि चिडले की 'इंजिनिअर'.

ही दोन हजार नऊ-दहाच्या हिवाळ्यातली गोष्ट. मार्कहॅमहून ब्रायन नावाचा एक इम्पोर्टर नवीन कॉम्पॅक्ट पिस्तूल घेऊन आला. कॉम्पॅक्ट म्हणजे आखूड नळी, आखूड मूठ, जॅकेटखाली लपेल असं. इतक्या आखूड नळीचं पिस्तूल कॅनडात सामान्य माणसाला दुकानात जाऊन घेता येत नाही. ब्रायनला ते साध्या वेषातल्या पोलिसांसाठी विकायचं होतं. एका पोलीस खात्याने विचारणा केली होती. पूर्ण तपासणीला महिने लागतात, म्हणून त्याला आधी दोन पानांचा फर्स्ट इम्प्रेशन्स रिपोर्ट हवा होता. हातात कसं वाटतं, नेम कसा, थंडीत चालतं का, एवढंच.

सकाळी आम्ही आतल्या रेंजवर सुरुवात केली. पिस्तूल छान होतं, हे आधी सांगते. वजनाला हलकं, कडा गुळगुळीत. मूठ मात्र इतकी छोटी की अँथनीभाऊंची करंगळी अधांतरीच राहिली.

"ही करंगळी कुठे ठेवू?" त्यांनी ब्रायनला विचारलं.

"यू गेट यूज्ड टू इट."

"मग चहा पिताना उपयोगी पडेल," ते मला मराठीत म्हणाले.

छोट्या पिस्तुलाचा झटका जास्त बसतो. वजन कमी, त्यामुळे धक्का सगळा मनगटात येतो. तरी कागदावरची भोकं एका मुठीत झाकतील इतकी जवळ पडली. एकही गोळी अडकली नाही. ब्रायन खूश झाला. मीही झाले, कारण चांगली वस्तू तपासताना इंजिनिअरला बरं वाटतंच.

या पिस्तुलाला वेगळा सेफ्टी खटका नव्हता. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांना नसतो. ट्रिगरच्या मध्ये एक पातळ पातं असतं. बोट नीट ट्रिगरवर आलं की ते पातं दाबलं जातं आणि मगच ट्रिगर मागे जातो. खिशात आपटलं, खाली पडलं तर उडत नाही. ही रचना चांगली आहे. फक्त त्या पात्याला बोट कोणाचं हे कळत नाही.

ट्रिगरभोवतीची कडी, ट्रिगर गार्ड, या पिस्तुलात लहान होती. इथल्या हिवाळ्यात पोलीस जाड हातमोजे घालतात, म्हणून आमच्या प्रोसिजरमध्ये त्याचीही टेस्ट होती. एक प्लॅस्टिकचं जाड बोट असतं, फिंगर गेज. ते कडीत घालायचं. गेलं तर पास. मी घातलं, गेलं. मी बरोबरची खूण केली.

जेवणानंतर बाहेर गेलो. उणे बावीस आणि वर वारा. अँथनीभाऊंनी पोलिसांचे हिवाळी हातमोजे घातले होते, बाहेरून चामडं, आतून मऊ अस्तर. सकाळपासून आतल्या रेंजवरही ते घालूनच काम चाललं होतं, आणि तिथे हीटिंग जोरात होतं. टेस्ट अशी होती: होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, दोन गोळ्या झाडायच्या, परत होल्स्टरमध्ये ठेवायचं. मग पुन्हा.

सुरुवातीच्या फेऱ्या ठीक गेल्या. त्या वेळात घामाने ओलं झालेलं अस्तर गोठत होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका फेरीत त्यांनी गोळ्या झाडल्या, बोट मागे घेतलं, आणि ते मोज्याच्या आतल्या आत मागे सरकलं; गोठून कडक झालेलं मोज्याचं बोट मात्र कडीतच राहिलं. मोज्याचं रिकामं टोक आकड्यासारखं वाकून ट्रिगरवर बसलं. हाताने त्यांना ते कळलं नाही, कारण बोटं आधीच बधिर होती. पिस्तूल होल्स्टरमध्ये जाताना होल्स्टरच्या काठाने ते टोक ट्रिगरवर दाबलं. रेंजवरचा एक नियम असा आहे की ठेवताना जरासुद्धा अडलं तर जोर लावायचा नाही. ते थांबले. म्हणून पुढचं सगळं लिहिता येतंय.

"पातं दाबलं गेलंय?" मी विचारलं.

"गेलंय. ट्रिगरही थोडा मागे आलाय. किती ते नाही सांगता येत."

आत ढकललं तर काठ ट्रिगर दाबणार. वर काढलं तर मोज्याचा आकडा ट्रिगर ओढणार. गोळी मांडीतून जाणार, आणि मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. हॉस्पिटलच्या रस्त्यावरचा बर्फ सकाळपासून कोणी काढला नव्हता.

शेडच्या दारातून ब्रायन ओरडला, "जस्ट पुल इट आउट! काय झालंय त्यात?"

"ब्रायन, आत जा," मी म्हणाले. "दार लाव. ९११ ला फोन करून अँब्युलन्स गेटपाशी आणायला सांग."

तो गेला.

"भाऊ, बेल्टच काढू या," मी म्हणाले. "होल्स्टरसकट."

"तेच मनात होतं. पण कीपर आहेत."

पोलिसी बेल्ट दोन असतात. आतला पँटीचा, बाहेरचा हत्यारांचा. बाहेरचा घसरू नये म्हणून तो आतल्याला छोट्या पट्ट्यांनी बांधलेला असतो, त्यांना कीपर म्हणतात. प्रत्येकाला टिचबटणं. पुढचे कीपर आणि बकल त्यांनी डाव्या हाताने सोडलं असतं. पण दोन कीपर उजवीकडे मागे होते, होल्स्टरला लागून. तिथे त्यांचा डावा हात पोचत नव्हता आणि उजवा हलवता येत नव्हता.

रेंजवर भरलेलं हत्यार हातात असलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही. नेमबाजाच्या रेषेपाशी कोणी जात नाही. हा नियम अँथनीभाऊंनीच मला पहिल्या दिवशी शिकवला होता.

"मी येते," मी म्हणाले.

"नाही यायचं."

"मग काय करू? उभी राहू?"

वारा होता. त्यांचा खांदा किंचित थरथरत होता. भीतीने नव्हे, थंडीने, पण ट्रिगरला दोन्ही सारखंच.

"मागून ये," ते म्हणाले. "डावीकडून. माझ्या उजव्या पायाच्या मागे तुझा पाय येता कामा नये. आणि बाय, बेल्टला झटका नाही बसला पाहिजे."

मी माझे हातमोजे काढून बर्फात टाकले. त्यांच्या मागे गुडघ्यावर बसले. एका हाताने बेल्ट घट्ट धरला, जणू तो भिंतीत बसवलेला आहे असा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा टिचबटणाखाली सरकवला. थंडीत टिचबटणं आवळतात. पहिलं उघडेना. नखाखाली धातू रुतला.

"काही बोला," मी म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही."

"सेलीन उद्या सुकट देणार आहे डब्यात. लिंडा परत ओरडणार मायक्रोवेव्हवरून."

लिंडा आमची मॅनेजर. मी हसले असेन, मला आठवत नाही. बटण सुटलं, टिच असा आवाज झाला, आणि आम्ही दोघंही श्वास धरून थांबलो. काही झालं नाही.

"दुसरं," ते म्हणाले.

दुसरं होल्स्टरच्या इतकं जवळ होतं की माझ्या बोटांच्या मागच्या बाजूला त्यांचा मोजा लागत होता. दगडासारखा कडक. मी हात मागे घेतला, वेगळ्या बाजूने घातला. ते पटकन उघडलं. मग त्यांनी डाव्या हाताने पुढचं सगळं सोडलं.

"आता मी दोन्ही हातांनी पुढे नेतो. तू मागे हो. पार मागे."

मी मागे झाले. बेल्ट, होल्स्टर, पिस्तूल आणि त्यावरचा त्यांचा हात, सगळं एकच वस्तू असल्यासारखं त्यांनी कमरेपासून इंचाइंचाने दूर नेलं. नळी पायावरून सरकली, बर्फावरून गेली आणि बांधाकडे वळली. ते वाळूच्या पोत्यांपाशी गुडघ्यावर बसले आणि होल्स्टर दोन पोत्यांच्या खाचेत टेकवलं. तेव्हा कुठे ते मोठ्याने श्वास घेताना ऐकू आले.

फर्स्ट एडच्या पेटीत कपडे कापायची कात्री असते. मी मोजा मनगटापासून पाठीवर कापत नेला. त्यांचा हात आतून बाहेर आला, बोटं मेणासारखी पांढरी. मोजा तिथेच राहिला, ट्रिगरवर बोट ठेवून.

मोज्याच्या मनगटाला आम्ही दोरी बांधली आणि काँक्रीटच्या भिंतीमागे गेलो. भाऊंनी दोरी डाव्या हातात घेतली. त्यांनी ती ओढली असं म्हणता येणार नाही. फक्त दोरी ताठ होईल एवढी ढील काढली. तेवढ्यात गोळी सुटली आणि बांधावरचा बर्फ खाली आला.

भाऊंनी दोरी खाली ठेवली.

"एवढंच उरलं होतं तर," ते म्हणाले.

अँब्युलन्सवाल्यांनी त्यांची बोटं पाहिली, कोमट पाण्यात ठेवायला सांगितली आणि गेले. भाऊ लंचरूममध्ये हात पातेल्यात बुडवून बसले. लिंडा आली. ब्रायन बोलत होता.

"पिस्तूल परफेक्ट चाललं. ओढलं म्हणून उडलं. धिस इज ऑपरेटर एरर. ठेवताना बघायला हवं होतं."

"साध्या वेषातला पोलीस अंधारात, माणसाला पकडून ठेवताना बघेल?" मी विचारलं.

"मग हातमोज्याचा दोष. पिस्तुलाच्या रिपोर्टमध्ये मोजा कशाला?"

खरी अडचण तीच होती. पिस्तुलाने चुकीचं काही केलं नव्हतं. लिंडानेही मला तेच विचारलं. "स्पेसिफिकेशनच्या बाहेर काही झालं?"

"नाही. फिंगर गेजसुद्धा पास आहे."

"मग?"

"गेज आम्ही आत घालतो. ते बाहेर काढताना काय होतं हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि आमचं गेज कोरडं असतं."

"जे पाहिलंस ते लिही," ती म्हणाली. "जे वाटलं ते लिहू नकोस."

मी लिहिलं की नेम चांगला, झटका सोसण्याजोगा, थंडीत गोळी अडकत नाही. आणि शेवटी लिहिलं की ओला होऊन गोठलेला हिवाळी हातमोजा ट्रिगर गार्डमध्ये अडकून, होल्स्टरमध्ये परत ठेवताना ट्रिगर दाबला गेल्याचं आम्ही पाहिलं. कडी मोठी करेपर्यंत हे पिस्तूल हिवाळ्यात वापरायला देऊ नये.

ब्रायनने ते उभ्यानेच वाचलं. "या एका वाक्याने माझं सगळं जाईल."

"ब्रायन," पातेल्यातून हात न काढता भाऊ म्हणाले, "ते वाक्य माझ्या पायातून गेलं असतं. तुला ट्राय करायचं असेल तर होल्स्टर बाहेर पडलंय. मोजा मात्र नवीन लागेल."

ब्रायनने रिपोर्ट घेतला आणि गेला. ती ऑर्डर त्याला मिळाली नाही. तो दुसऱ्या लॅबकडे गेल्याचंही कानावर आलं, आणि ते साहजिक होतं. पण पुढच्या हिवाळ्यात तेच पिस्तूल आमच्याकडे परत आलं, पुढे रुंद केलेल्या कडीसह. भाऊंनी ते मोजा ओला करून, गोठवून, दिवसभर काढलं आणि ठेवलं. करंगळीला जागा तेव्हाही नव्हती. मी पास केलं.

आमच्या प्रोसिजरमध्ये त्यानंतर एक ओळ वाढली: गेज पाण्यात बुडवलेल्या मोज्यात घालून गोठवावं, आणि कडीतून बाहेर काढून पाहावं. लॅबमध्ये नवीन आलेले इंजिनिअर विचारत की या ओळीला इतका वेळ का घालवायचा. मी त्यांना एवढंच सांगत असे की वस्तू हातात घेताना कशी वागते हे सगळे तपासतात, विकणाराही तपासतो. ती खाली ठेवताना कशी वागते, हे तपासायचा पगार आपल्याला मिळतो.