उलटी फिरलेली पृथ्वी

काही माणसांच्या पायाला भिंगरी असते. भूगोलाच्या बाईंच्या डोक्याला होती. शाळेत नवं यंत्र आलं की बाकीचे शिक्षक त्याच्यापासून चार हात लांब राहत आणि बाई खोकं फोडायला पुढे. प्रोजेक्टर, हजेरीचं ॲप, बोटानं लिहायचा भलामोठा स्क्रीन, सगळ्यांशी पहिली झटापट त्यांचीच. मुलं त्यांना पाठीमागे 'अपडेट बाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आपण मागे पडू, या एका भीतीनं ही बाई कधी स्वस्थ बसली नाही.

शाळा बंद होत्या त्या वर्षी सहकारी फोनशी डोकं आपटत असताना बाईंनी स्वयंपाकघराच्या टेबलावर स्टुडिओच थाटला. कुकरला टेकवलेला मोबाइल, सूर्य म्हणून टॉर्च, पृथ्वी म्हणून निळा रबरी चेंडू. दिवस आणि रात्र कशी होते, हे त्यांनी इतकं झकास समजावलं की शिक्षण खात्यानं तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर भरून आसपासच्या सगळ्या शाळांना वाटला. बाई काही दिवस जमिनीपासून दोन बोटं वर चालत होत्या.

पुढे काही वर्षांनी वर्गात हाच धडा आला. बाईंनी एका मुलाच्या हातात चेंडू देऊन पृथ्वी फिरवून दाखवायला सांगितलं. त्यानं ती बेधडक उलटी फिरवली. बाईंनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. सगळ्यांची पृथ्वी उलटीच. तुमच्या व्हिडिओत असंच आहे, असं वर्ग एका सुरात म्हणाला. बाईंनी तावातावानं व्हिडिओ लावला आणि मध्येच थांबवला. जन्मभर डाव्या मनगटावर बांधलेलं घड्याळ स्क्रीनवर उजव्या मनगटावर होतं. आपला चेहरा दिसावा म्हणून त्यांनी पुढच्या कॅमेऱ्यानं शूटिंग केलं होतं आणि त्या कॅमेऱ्यानं आरशासारखं सगळंच उलटं करून ठेवलं होतं. तोंडानं बाई पश्चिमेकडून पूर्वेकडे म्हणत होत्या आणि चेंडू पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाला होता. चेंडूवर नकाशा नव्हता, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला चैन नाही. नवा व्हिडिओ त्यांनी त्याच संध्याकाळी केला, पण जुना शाळाशाळांत जाऊन बसला होता त्याचं काय? त्यांनी खात्यात फोन केला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की इतक्या वर्षांत एकही तक्रार आलेली नाही, तेव्हा मॅडमनी स्वतःचीच तक्रार कशाला करावी? बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवताना घास हातात धरून त्या चेंडू फिरवल्यासारखी बोटं फिरवत बसायच्या.

"अगं, पृथ्वी काही तुझा व्हिडिओ बघून फिरत नाही," नवरा म्हणाला.

"पृथ्वी नाही फिरत हो. मुलं फिरवतात," बाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

मग त्यांनी सरळ स्कूटर काढली. तास नसेल त्या दुपारी, हेडबाईंची परवानगी घेऊन, पर्समध्ये पेन ड्राइव्ह आणि चेंडू टाकून त्या एकेक शाळा गाठू लागल्या. कुठे चहा मिळाला, कुठे कपाळावरच्या आठ्या. एका शाळेत संगणकाच्या खोलीची किल्लीच हरवलेली. बाई हात धुऊन मागे लागल्या होत्या, त्यामुळे लोकांनाही त्यांचा थोडा वैताग येऊ लागला होता. एवढ्यानं काय बिघडतं, असं तोंडावर विचारणारेही भेटले.

गावाबाहेरच्या एका शाळेत त्या पोचल्या तेव्हा वर्गात तोच व्हिडिओ चालू होता. मागच्या बाकावर अंग चोरून बसत बाईंनी स्वतःला पाहिलं. काळेभोर केस, खणखणीत आवाज, चेहऱ्यावर कसलीही शंका नाही. त्यांना त्या बाईचा रागच आला. व्हिडिओ संपल्यावर त्यांनी तरुण सरांना सगळं सांगितलं. सर बिचारे ओशाळले आणि त्यांनी लगेच बाईंना चेंडू घेऊन पुढे बोलावलं. बाई पृथ्वी सुलटी फिरवू लागल्या, तोच पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली.

"पण त्या बाईंनी तर असं फिरवलं," ती स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाली. "त्यांचं बरोबर असणार. त्या टीव्हीतल्या आहेत."

त्या बाई मीच, हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. इथेही स्वतःच्या नावावर खरं ठरवून घ्यायचं, मग आपल्यात आणि त्या स्क्रीनमध्ये फरक काय, असं त्यांच्या मनात आलं. सूर्य सकाळी कुठल्या खिडकीतून येतो, एवढंच त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गानं पूर्वेची खिडकी दाखवली. बाईंनी चेंडूवर पेनानं शाळेचा ठिपका काढला, उत्तर वर धरून पूर्वेकडे, म्हणजे ठिपक्याच्या उजवीकडे, बाण काढला, सरांना सूर्य म्हणून टॉर्च धरायला सांगितला आणि चेंडू मुलीला दिला. शाळेवर सकाळचा उजेड बाणाच्या बाजूनं यायला हवा, बाकी तू बघ, असं म्हणून त्या बाजूला झाल्या.

मुलीनं आधी व्हिडिओसारखा फिरवला. उजेड भलत्याच बाजूनं आला. तिनं भुवया आवळल्या, पुन्हा फिरवून पाहिला, मग सावकाश दुसऱ्या दिशेनं. उजेड बाणाकडून ठिपक्यावर आला. ती चेंडू घेऊन जागेवर जाऊन बसली.

बाईंनी सरांना तोच जुना व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. सर गोंधळले, पण त्यांनी लावला. निळा चेंडू उलटा फिरला. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून स्क्रीनवरची बाई हसत म्हणाली, "काही शंका?"

पहिल्या बाकावरून हात वर गेला.

"नाही ना? छान. पुढे जाऊ," स्क्रीनवरची बाई म्हणाली आणि पुढे गेली.

मुलीनं हात खाली घेतला नाही. बाई भरभर बाकांमधून पुढे आल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "माझं कुठे चुकलं?"