भिंतवाला आणि धोबीण

खाणीची भिंत फुटली तेव्हा भिंतवाला धोबिणीच्या घरात होता, अशी कुजबूज होती. खोटं कशाला बोलू, चार घरी ती मीच पोचवली. त्याचा चापून पाडलेला भांग बघून मला आधीपासून संशय होताच.

खनिज काढून उरलेला चिखल खाणवाले एका मोठ्या तळ्यात साठवत. त्याला मातीची भिंत. तिच्यात उभ्या नळ्या पुरलेल्या. रोज नळीत दोरी सोडायची, आत पाणी किती वर आलंय ते मोजायचं आणि आकडा पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायचा, हे भिंतवाल्याचं काम. चिठ्ठीवरून वहीत आकडे उतरवायचं काम त्याच्या बायकोच्या भावाचं. मेहुणाच साहेब होता ना.

"दाजी, चिखलाच्या हातांनी रोज वही कशाला बरबटवता? महिन्याभराच्या सह्या एकदम ठोकून द्या. बाकी मी बघतो."

दाजींनी ठोकल्या. घरचा माणूस.

पुढे तिसऱ्या नळीतलं पाणी चढायला लागलं. आठ दिवस रोज चढतंय, रोज चिठ्ठी जातेय. मेहुणा म्हणे, "दाजी, दोरी ताणली असेल तुमची. वय झालं दोघांचं."

नवव्या दिवशी भर दुपारी भिंतीच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसलं. भिंतवाल्याच्या चौकीतला फोन फक्त मेहुण्याच्या टेबलावर वाजायचा. "जेवतोय, येतो," एवढं बोलून त्याने ठेवला. थोड्या वेळाने भिंत बसली आणि राखाडी चिखल ओढ्यात उतरला. धोबीघाट बुडाला, खालच्या विहिरी नासल्या. माणूस गेला नाही, एवढंच नशीब.

चौकशीला वही उघडली. तिसरी नळी ठणठणीत, महिनाभर एकच आकडा. खाली सही.

"सही तुमची?"

"माझीच. आकडे त्यांचे."

"म्हणजे कोऱ्या पानावर सही केलीत?"

"घरचा माणूस होता, साहेब."

समोर मेहुणा पंख्याकडे बघत बसला होता. चिठ्ठ्या? कसल्या चिठ्ठ्या? वर म्हणाला, "दाजी तेव्हा भिंतीवर नव्हतेच. धोबिणीकडे होते. लोक बोलतात, मी नाही बोलत." लोकांत पहिला कोण बोलला, ते मला नंतर कळलं. तोवर माझी चार घरं झाली होती.

नोकरी गेली. त्याचं भिंतवाल्याला फारसं काही वाटलं नाही. बायकोने ताट सरकवत विचारलं, "माझा भाऊ खोटं लिहील?"

"लिहिलं."

"आणि धोबिणीकडे होतात, ते?"

"होतो."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी मुलीमार्फत बोलते. "बाबांना सांग, पाणी तापलंय." बाबा हातभर अंतरावर. धोबिणीला विचारावं, तर अफवेत नाव तिचंच. तिचं कोण ऐकणार?

सरकारी पाणी कचेरीतला कारकून परवा माझ्याशेजारी दाढीला बसला होता, त्याच्याकडून कळलं ते असं. भिंत बसण्याच्या वीस मिनिटं आधी कचेरीत फोन आला होता. फोन धोबिणीच्या घरून होता, कारण ओढ्याकाठी फोन तिच्याकडेच होता. भिंत जाणार आहे, खालची वस्ती उठवा, असं एका माणसाने सांगितलं. कारकुनाने नाव विचारलं. त्याने दिलं नाही. नाव दिलं तर मेहुण्याची नोकरी जाईल, असं तो म्हणाला. मग, आता धोबिणीचे कपडे घाटावरून वर नेतो, म्हणत त्याने फोन ठेवला.