सासूबाईंनी हाकललेलं हिमयुगातलं अस्वल

मंडळी, आज दुपारी कामठ्यात आमच्या घरगुती राक्षसपटाचं शूटिंग झालं आणि मी अजून हसूनच राहिली आहे.

जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात असतो तसाच आमचा राक्षस: हिमयुगात गुहेत झोपलेलं आणि आता जागं झालेलं अस्वल. बारदान्यावर काळी लोकर शिवून त्याचं कातडं मी बनवलं. आत माझा नवरा.

सासूबाई रोज टोमणा मारायच्या, "हे का अस्वल व्हय? धानाचं पोतं दिसते!"

आज त्या शेतातून येत होत्या आणि बांधाआडून अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. मोहफुलं वेचताना बाया अस्वलाला पळवायला डबा वाजवतात तसा सासूबाईंनी दगडानं जेवणाचा डबा बडवला. "हुर्र! पळ मेल्या!"

हिमयुग घाबरून चिखलात पडलं.

"आई, मी व्हय ना!"

"मंग बोलत काऊन नाही?"

"सिनेमातलं अस्वल बोलते का?"

कॅमेरा चालूच होता. जुन्या सिनेमात राक्षसाला हरवायला फौज लागायची, आमच्याकडे एक डबा पुरला. आता सिनेमाचा शेवट हाच!

सासूबाई मात्र हटून बसल्या आहेत, "मी पोत्यालेच हाकलून राहिली होती."

तुम्हीच सांगा, पोत्याला कोणी "पळ मेल्या" म्हणतं का?