मोतीरामच्या पाटावर

सिनेमा बघता बघता नवसाबाईला मळमळायला लागलं, तेव्हा शेजारच्या वत्सलाबाईने तिच्या हातात लिमलेटची गोळी ठेवली. एसीची सवय नसली की होतं असं, म्हणाली. एसीचं काय घेऊन बसलात? समोर पडद्यावर नवसाबाईचा नवरा दारू पिऊन गटारात पडला होता, आणि खरा नवरा म्हणजे दारूचं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून चालणारा माणूस.

सिनेमा तिच्याच पोराच्या आयुष्यावरचा. सातपूरचा दिनेश, आता सगळा महाराष्ट्र त्याला खटका म्हणतो. रॅप करतो तो. गाणं कसलं, तालात केलेलं भांडणच ते, असं नवसाबाईचं मत. पण पोरगं नाव काढतंय म्हटल्यावर तिची कशाला तक्रार असेल? सिनेमा लागला तेव्हा नाशिकभर त्याचे फ्लेक्स झळकले. गल्लीतल्या झाडून सगळ्यांना त्याने गाड्या करून थिएटरात नेलं. नवसाबाईने ठेवणीतली जरीची साडी काढली होती. कशाला काढली मेली, असं तिला मध्यंतरापर्यंत होऊन गेलं.

तिचा नवरा मोतीराम बागलाणातून पोटासाठी नाशिकला आला, सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर लागला आणि तिथेच त्याचा जन्म गेला. देवमाणूस वगैरे नव्हता हां. चिडका होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणार, जास्त झालं तरी बोलणार. तंबाखू खायचा, हे नवसाबाई नाकारत नाही. शेजाऱ्याच्या गाडीतलं पेट्रोल काढलं म्हणून दिन्याला एकदा चपलेने बडवला होता, तेही ती नाकारत नाही. पण दारू? मोतीरामचा स्वतःचा बाप दारूपायी गेला होता. तेव्हापासून त्याला त्या वासाचीसुद्धा शिसारी. कंपनीतल्या लोकांची पार्टी असली की हा आपला डबा घेऊन लांब जाऊन बसायचा.

आणि दिन्या ओट्यावर बसून हातवारे करत बडबडायला लागला, तेव्हा गल्ली हसायची, पण मोतीराम शिफ्ट करून आला की ताट घेऊन त्याच्यासमोर बसायचा. "मला काय कळत नाय," म्हणायचा, "पण जरा हळू म्हण. शब्द तरी ऐकू येऊ दे." असा माणूस. एक दिवस कामावरून सुटला, बसस्टॉपवर टेकला आणि बसल्या जागीच गेला. हार्ट अटॅक. डबा मांडीवर तसाच होता.

पडद्यावर काय दाखवलं, तर मोतीराम झोकांड्या खात घरात येतो, बायकोच्या झिंज्या धरतो, पोराचा माईक भिंतीवर फोडतो आणि शेवटी गटारात मरतो. पोरगं त्या प्रेताकडे बघत पहिलं गाणं म्हणतं. त्या गाण्याला थिएटरात शिट्ट्या पडल्या. नवसाबाईने डोळे मिटून घेतले, पण कान कुठे मिटता येतात?

बरं, परके लोक शिट्ट्या मारतात तर मारोत. गल्लीतल्या बायकांना काय झालं होतं? त्यांनी मोतीरामला रोज सकाळी डबा घेऊन जाताना पाहिलेलं. वत्सलाबाईच्या घरातला नळ त्यानेच बसवून दिलेला. तीच वत्सलाबाई बाहेर आल्यावर हात धरून म्हणते, "किती सोसलंस गं बाई. आम्हाला कधी कळूही दिलं नाहीस." डोळ्यांनी पाहिलेला माणूस खोटा आणि तिकीट काढून पाहिलेला खरा. नवसाबाईने हात सोडवून घेतला. त्या रात्री सटाण्याहून दिराचा, पुंजाचा फोन आला. "वहिनी, हाई खोटं शे ना वं?" सख्ख्या भावाला विचारावं लागलं.

सकाळी तिने दिनेशला धरला.

"आई, स्टोरी आहे गं ती," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "डायरेक्टर म्हणाला, स्ट्रगल दिसला पाहिजे. बाप चांगला, आई चांगली, दोन वेळचं जेवण. मग पोरगं रॅप कशाला करेल? कोण बघेल?"

"म्हणून बापाला दारुडा केलास?"

"दारुडा लोकांना लगेच कळतो."

"ते असते तर?"

"असते तर विचारलं असतं ना त्यांना."

म्हणजे मेलेल्याला विचारायची गरज नाही. मेला तो आयता सापडला. नवसाबाईने त्याच्यापुढचा चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतून दिला. पोटच्या पोराची किळस येते म्हणजे काय, हे त्या सकाळी तिला कळलं. ज्याला हाताने न्हाऊ-माखू घातलं, त्याच्याकडे बघवेना.

चार दिवसांनी आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला त्यांच्याकडे पित्तर जेवू घालतात. घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या जागी त्याच्या वयाचा, त्याच्या ओळखीतला माणूस पाटावर बसवायचा. तो पित्तर. मुलाने निखाऱ्यावर गेलेल्याच्या नावाने घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. मग पित्तराने जेवायचं. तो पोटभर जेवून उठेपर्यंत घरातलं कोणी तोंडात कण घालत नाही. मोतीराम गेल्यापासून त्याच्या पाटावर वाल्मीक बसायचा, प्रेसवर त्याच्या शेजारी उभा राहून म्हातारा झालेला दोस्त. नवसाबाई पहाटे उठली, पुरणपोळ्या केल्या, आमरस काढला, कुरडया तळल्या. घागर पुजली. गल्लीच्या पंगतीसाठी दारापुढे मांडव घातला होता. निदान आज तरी आपला माणूस घरात धड येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

दारात गाडी थांबली. दिनेश उतरला, मागून कॅमेरावाले, आणि त्यांच्या मागून शेखर, म्हणजे सिनेमात मोतीराम झालेला नट.

"माय," दिनेश म्हणाला. घरात तो आई म्हणतो, कॅमेरा दिसला की माय. "यंदा पित्तर म्हणून शेखर सर बसणार. वाल्मीककाकांना मी कळवलंय, येऊ नका म्हणून."

शेखर माणूस वाईट नव्हता, तिच्या पाया पडला. पण कॅमेरावाला म्हणाला, "सर, दारातून एकदा त्या चालीने या ना." आणि तो आला की हो तसा. चौकटीला धरत, झोकांड्या खात. गाडी बघून बाहेर जमलेल्या गर्दीने टाळ्या पिटल्या. बापाच्या जेवणाच्या दिवशी, बापाच्या उंबऱ्यावर. आणि दिनेश खदखदून हसत होता.

नवसाबाई मागच्या दारी जाऊन थुंकली, चूळ भरली आणि वाल्मीकला फोन लावला. "भाऊजी, या. ताट वाढलंय."

आत येते तो शेखर पाटावर बसलेला, दिनेश निखाऱ्यापुढे घास हातात धरून, आणि सगळ्यांचे मोबाइल वर.

"थांब," ती म्हणाली. "कोणाच्या नावाने टाकतो?"

"बापाच्या. अजून कोणाच्या?"

"कोणत्या बापाच्या? सिनेमातला तर जिता हाय, हा काय पाटावर बसलाय. जित्या माणसाच्या नावाने आगारी टाकत नसतात."

कोणीतरी फिसकन हसलं. शेखर उठून उभा राहिला. "मावशी, मला सांगितलं तसं केलं मी."

"तुमच्यावर राग नाय दादा. तुम्ही पाहुणे. बाहेर मांडवात बसा, जेवूनच जा."

तेवढ्यात वाल्मीक दारात आला. त्याने पाय धुतले आणि पाटावर बसला.

"कॅमेरा बंद कर रे," दिनेश पुटपुटला.

"चालू राहू दे," नवसाबाई म्हणाली. "त्याच्यापुढे एकदा बोल, माझा बाप दारू पीत नव्हता. तेवढं बोल आन् टाक आगारी. मी तोंडातून शब्द काढणार नाय पुन्हा."

दिनेशने कॅमेऱ्याकडे बघितलं. मग दाराबाहेरच्या गर्दीकडे. मग आईच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "आई, सिनेमा अजून चालू आहे गं. उतरला की बोलतो. नक्की बोलतो."

नवसाबाईने त्याच्या हातातला घास काढून घेतला. नवऱ्याचं नाव घ्यायची तिच्या पिढीत रीत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. ती निखाऱ्यापुढे बसली, मोतीरामचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं आणि घास टाकला. तुपाचा जाळ झाला. वाल्मीकने डोळे पुसले आणि जेवायला सुरुवात केली.

तो जेवून उठल्यावर मांडवात पंगत बसली. दिनेश सवयीने स्वयंपाकघराकडे वळला, तर आई ताट घेऊन दारात उभी. त्याला बाहेर यावं लागलं. शेखरच्या शेजारची जागा तेवढी मोकळी होती, तिथे बसला. नवसाबाई वाढत वाढत आली. शेखरला आग्रहाने पोळी वाढली, मग दिनेशच्या ताटात तेवढीच वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाली, "सावकाश होऊ द्या पाहुणे. लाजू नका."